सातारा जिल्ह्यातील कातकरी समाज : राहणीमान आणि शिक्षण

कातकरी किंवा काथोडी ही सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणारी आदिवासी जमात असून कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर ती महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत मोडते. तिची मुख्य वस्ती रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांत असली, तरी सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात, वाई-जावळीच्या बाजूला, तिच्या लहान वाड्या विखुरलेल्या आढळतात.

खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, त्यांचा अर्क आटवून कात करणे हा जमातीचा मूळ व्यवसाय आणि तिच्या नावाचाही उगम. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, तसा हा व्यवसाय मोडला आणि कोळसा पाडणे, नदीत मासे-खेकडे धरणे व वीटभट्टीवरची मजुरी एवढेच हाती उरले.

कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि आत एकच खोली असे जुने घर असते. पण ते पुष्कळदा गायरानात किंवा दुसऱ्याच्या जमिनीत उभे असल्याने, जागा नावावर नाही या कारणाने घरकुल अडते. जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांनी शाळेची पायरीच चढली नाही, त्यांनी तो कोठून आणावा, हा प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. जिल्हा अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित, क्षेत्राबाहेर आहे आणि 2011 च्या जनगणनेनुसार येथे अनुसूचित जमातींचे प्रमाण जेमतेम 1 टक्का आहे. त्यामुळे कोकणातल्यासारखे आश्रमशाळांचे जाळे येथे उभे राहिले नाही.

मुले शिकत नाहीत ती आवड नाही म्हणून, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. शाळा जूनमध्ये भरते आणि दिवाळी सरली की कुटुंबे भट्टीकडे निघतात, कारण पावसाळ्यात घेतलेली उचल तेथेच फेडायची असते. मजुरी हजार विटांमागे ठरत असल्याने घरातला प्रत्येक हात मोजला जातो. पहाटे आईबाप चिखल साच्यात भरत असतात, तेव्हा आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन वाळत घातलेल्या विटा उलटत असते. हिशेबात उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामालाही तीच भट्टी ठरलेली. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, तरी तिची ही सावली अजून हटलेली नाही.

यावर हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप भट्टीवर असताना मुलांना गावातच ठेवून घेण्याची सोय, हाच त्यातल्या त्यात खरा उपाय आहे आणि वसतिगृहाचे मोल साताऱ्याला नवे नाही; कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये येथेच गरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले होते. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकही दिले जाते, मात्र भट्टी गावाबाहेर, नदीकाठी असली की ते पत्रक ट्रंकेतच राहते. पावसाच्या तोंडावर मूल वाडीवर परतते, वयानुसार वरच्या वर्गात बसते. घरी कातकरी बोली बोलणाऱ्या त्या मुलाला पुस्तकातली मराठी आधीच परकी वाटत असते, त्यात सात महिन्यांत अक्षरेही पुसट झालेली असतात.