ड्रायरचं नाक चोंदतं तेव्हा

"भाऊजी, दोन-दोनदा फिरवतो, तरी चादरी दमट त्या दमटच. मशीनच बिघडलंय बघा." ऐन आषाढातली वहिनींची तक्रार. (कोल्हापुरात बायकाही 'मी फिरवतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) मशीन ठणठणीत होतं. ड्रायरची ओली, गरम हवा ज्या पाइपातून गॅलरीबाहेर पडते, त्याच्या तोंडाला बसवणाऱ्याने डासांची जाळी ठोकली होती. आत डास नकोत म्हणून! त्या जाळीवर करड्या तुसाचं घोंगडंच तयार झालं होतं. ड्रायर चालू असताना हात धरला, तर झुळूकसुद्धा लागेना.

ड्रायर म्हणजे कपडे भाजणारी भट्टी, असा आपला समज असतो. पण वाळवण्याचं काम वाराच करतो, उष्णता त्याला मदत करते. पंचगंगा पात्राबाहेर पडते त्या दिवसांतली हवा घ्या. तापमान २५ अंश, आर्द्रता ९० टक्के. अशा एक घनमीटर हवेत जेमतेम २३ ग्रॅम वाफ मावते आणि त्यातली २१ ग्रॅम आधीच भरलेली असते. उरली जागा दोन ग्रॅमची. दोरीवरचा टॉवेल तीन दिवस कुबट वास मारत लोंबतो तो यामुळे. हीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली, की घनमीटरमागे सुमारे १३० ग्रॅम वाफ मावू लागते. आर्द्रता ९० टक्क्यांवरून पंधराच्या आसपास उतरते. हवेतलं पाणी कुठे गेलेलं नसतं, जागा तेवढी वाढलेली असते. शेगडीवर पाटी पालथी घालून बाळाची दुपटी वाळवणाऱ्या आज्या हेच करत होत्या.

आता थोडा हिशेब. पाच किलो सुती कपडे पिळून निघाले, तरी त्यांत अडीच लिटर पाणी सहज उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे अडीच लिटरला कागदावरच पावणेदोन युनिटच्या जवळपास वीज. प्रत्यक्षात त्याहून जास्त. ही झाली उष्णता. तयार झालेली वाफ बाहेर न्यायला हवा लागते ती वेगळीच. प्रत्येक घनमीटर हवेने तीस ग्रॅम वाफ उचलली असं धरलं, तर ८३ घनमीटर हवा आली. दहा बाय दहाच्या तीन खोल्यांत मावते तेवढी. ती चार इंची पाइपातून जायची असते, आणि तेवढीच नवी हवा खोलीत यावी लागते. म्हणून ड्रायर चालू असताना खिडकी थोडी किलकिली हवी.

पाइपाच्या आत सगळीकडून एक सेंटिमीटर तूस बसला, तर दहा सेंटिमीटरची वाट आठची होते. फरक किरकोळ वाटतो. पण तेवढीच हवा तेवढ्याच वेळात ढकलायला जवळजवळ तिप्पट दाब लागतो. ड्रायरच्या पंख्यात तेवढा दम नसतो. हवा मंदावते, कपडे नुसते उबतात, वाफ ड्रममध्येच घुटमळते, आणि आपण पुन्हा बटण दाबतो. वीजबिल वाढतं ते इथे.

तूस येतो कुठून? तुमच्याच कपड्यांतून. धुताना-घुसळताना धाग्यांची टोकं तुटतात. इचलकरंजीच्या मागाच्या शेडमध्ये गेलेल्याला हा प्रकार वेगळा सांगायला नको. तिथे भिंती, दिवे, माणसं, सगळ्यांवर कापूस बसलेला असतो. ड्रायरची जाळी बराचसा तूस अडवते, सगळा नाही. निसटलेला तूस पाइपात आणि मशीनच्या पोटात, तापलेल्या कॉइलच्या आसपास साठतो. सुती कापड पेटायला चारशेच्या आसपास अंश लागतात आणि ड्रममधली हवा तेवढी तापत नाही. कॉइल मात्र तापते. वारा अडला की तिची उष्णता वाहून नेणारं कोणी उरत नाही. थर्मोस्टॅट सहसा वेळेवर वीज तोडतो. तोच बिघडलेला असेल तर काही खरं नाही. गुऱ्हाळावर चुलवाणात वाळकं चिपाड टाकलं की कसं भडकतं ते आठवा. पिंजलेल्या तुसाचंही तेच होतं. अमेरिकेत २००८ ते २०१० या काळात घरगुती ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्याचं तिथल्या अग्निशमन प्रशासनाने नोंदवलं आहे. त्यांचं सर्वांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं.

तालमीच्या गावात आणखी एक सांगायलाच हवं. मालीशचे, तेलाने माखलेले टॉवेल ड्रायरमध्ये घालू नका. करडई, सूर्यफूल आणि विशेषतः जवस या तेलांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निघते. नेहमीच्या धुण्यात तेल पुरतं निघत नाही. गरमागरम टॉवेलांचा ढीग करून ठेवला, की ती उष्णता आत कोंडते आणि ढीग काडी न लावता धुमसू शकतो.

वहिनींच्या पाइपाला तासभर लागला. आधी प्लग काढला. मशीन पुढे ओढून पाइप सोडवला, लांब दांड्याच्या ब्रशने आतला तूस खरवडला, उरलेला व्हॅक्यूम क्लीनरने ओढला. वर्षातून एकदा एवढं पुरतं. पावसाळ्याआधी केलेलं बरं. वळ्या-वळ्यांचा प्लास्टिकचा पाइप काढून गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचा टाकला, तोही आखूड आणि एकाच वळणाचा. प्रत्येक वळणावर तूस थांबतो, आणि प्लास्टिक स्वतः जळतं. डासांच्या जाळीऐवजी वाऱ्याने उघडणारी, एरवी मिटणारी झडप बसवली. कबुतरंही आत शिरत नाहीत.

ड्रायरच्या दाराजवळची, तूस अडवणारी जाळी मात्र प्रत्येक वेळी साफ करायची. ती दिसायला स्वच्छ असली तरी फसवते, कारण फॅब्रिक सॉफ्टनरचा पातळ थर तिची भोकं बुजवतो. नळाखाली धरून पाहा. पाणी वर साचलं, तर कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने घासा, वाळवा, मग बसवा. वहिनींच्या जाळीवर पाणी वाटीत साचावं तसं साचलं होतं.

"म्हणजे मशीन चांगलं होतं म्हणायचं," वहिनी म्हणाल्या आणि उरलेल्या चादरी आत टाकल्या. मी गॅलरीत जाऊन झडपेकडे पाहत उभा राहिलो. थोड्या वेळात ती फडफडली.