पिशवी सासूच्या मांडीवर

कोल्हापुरातल्या एखाद्या वंध्यत्व उपचार केंद्रात सकाळी बाकावर बसून राहिले, तर एक दृश्य दिसण्याची बरीच शक्यता असते. तपासण्यांच्या कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी सासूच्या मांडीवर, सून शेजारी गप्प आणि मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत ड्युटीवर. पिशवीत सुनेची सोनोग्राफी, थायरॉईड, गर्भनलिकांचा एक्स-रे असे सगळे असते; नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा अहवाल मात्र नसतो. “आमच्या पोराला काय धाड भरलीया?” एवढ्यावर तो विषय संपतो.

वर्षभर गर्भनिरोधकाविना नियमित संबंध राहूनही गर्भ राहिला नाही, तर वैद्यकात त्याला वंध्यत्व म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजानुसार जगातल्या दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी ते अनुभवावे लागते. अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, एकट्याने किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत, आढळते. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते, त्यामुळे फौंड्रीच्या भट्टीपुढे वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्याची तपासणी तर आधी व्हायला हवी. वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिच्यात सुई टोचावी लागत नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागत असल्याने पहिला अहवाल सदोष आला, तर बहुधा तीनेक महिन्यांनी ती पुन्हा करतात. इतकी सोपी तपासणी सर्वांत शेवटी होते, आणि तोवर ‘वांझ’ हा शब्द घरात रुळलेला असतो.

त्या शब्दाची कायद्याने दखल घेतली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून स्त्रीला हिणवणे हा कौटुंबिक हिंसाचारच आहे, असे २००५ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. (याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता.)

अशा जोडप्याला समुपदेशनाला पाठवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. मूल न होण्याचे दुःख, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशीच जवळ येण्याचा ताण, आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबी उपचाराची, फसलेली खेप आणि त्यासाठी सोसायटीतून काढलेले कर्ज यांतून उडणारे खटके दोघांना समोरासमोर बसवून कमी करता येतात. किती खेपा करायच्या, कोठे थांबायचे, दत्तक घ्यायचे का आणि नातेवाइकांना किती सांगायचे, हे तेथे ठरवता येते. परंतु ही पद्धत दोघेही मोकळेपणाने बोलू शकतात असे गृहीत धरते. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे खोलीत बोललेल्या एका वाक्याचा हिशेब रात्री घरी चुकता होऊ शकतो. म्हणून जाणता समुपदेशक पहिल्या भेटीत दोघांना वेगवेगळे भेटतो आणि तिला एकटीला साधे प्रश्न विचारतो: घरी कोणी हात उगारते का, माहेरी फोन करू देतात का, उपचाराचे पैसे अडवून धरतात का? उत्तरांत धाक दिसला, तर एकत्र बैठका थांबवून आधी तिच्या सुरक्षिततेचे पाहायचे आणि नवऱ्याच्या मारहाणीवर त्याच्याशी स्वतंत्र काम करायचे.

न्यायालयाने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या समुपदेशकालाही असेच बंधन आहे. हिंसेचे समर्थन येथे ऐकून घेतले जाणार नाही, हे त्याने पतीला काम सुरू होण्यापूर्वी सांगायचे असते. “मूल होत नव्हतं म्हणून डोकं फिरलं” हे वाक्य तिथे कारण म्हणून चालत नाही.

अशा बाईला १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देऊ नये, तिच्याकडून दोनदा म्हणवून घ्यावा. चिठ्ठी शेवटी त्याच पिशवीत जाते.