लिक्विड फंड की गिल्ट फंड? पैसा बुडणं वेगळं, भाव उतरणं वेगळं

जून २०२२ मधली गोष्ट. मृग लागून आठवडा झाला होता आणि आभाळ नुसतंच येऊन जात होतं. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी सकाळीच चुलतभाऊ ओट्यावर येऊन बसला. चहा नको म्हणाला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. काचेला तडा गेलेला, तड्याखाली आकडा दिसत होता: २ लाख ८८ हजार.

"दादा, मी तीन लाख टाकले होते. सरकारी हाये म्हणे न? मंग माह्ये बारा हजार डुबले कसे?"

"डुबले नाही रे बापा," मी म्हटलं, "भाव उतरला."

त्याला ते पटलं नाही. दारात खताच्या गोण्या यायच्या होत्या, बियाण्याचं बिल द्यायचं होतं. अशा वेळी या दोन शब्दांतला फरक कोणाला ऐकू येणार? पण रोख्यांच्या, म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना दिलेल्या कर्जाच्या कागदांच्या, म्युच्युअल फंडात पैसे घालणाऱ्याने आधी हाच फरक समजून घ्यायला हवा. तो न समजल्यामुळे माझ्या ओळखीच्या किती तरी माणसांनी चांगल्या फंडात चुकीच्या वेळी पैसे घातले आहेत.

त्या हंगामात कापसाला कधी नव्हे तो भाव होता. लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ रुपये असताना बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या वर मिळत होते. भावाने जानेवारीत तीस क्विंटल कापूस दिला आणि चुकारा खात्यात आला. पैसे जूनमध्ये पेरणीला लागणार होते. तोवर कुठे ठेवायचे, असं त्याने तालुक्याच्या ठिकाणी विचारलं आणि एकच अट घातली: सुरक्षित पाहिजे. समोरच्याने दोन नावं सांगितली, लिक्विड फंड आणि गिल्ट फंड. लिक्विड म्हणजे पाण्यासारखं काहीतरी, हाती न राहणारं, असं याला वाटलं. गिल्टमध्ये सगळे सरकारी रोखे, म्हणून त्याने गिल्ट घेतला, आणि तोही दहा वर्षांच्या मुदतीचा. मी त्याला दोष देत नाही, कारण नावावरून कोणालाही तसंच वाटेल. 'लिक्विड' म्हणजे लगेच रोख करता येणारं. 'गिल्ट' म्हणजे सोनेरी मुलामा. जुन्या काळी इंग्लंडात सरकारी रोख्यांच्या कागदांना सोनेरी कडा असायच्या, त्यावरून ते नाव पडलं. दोन्ही फंड रोख्यांचेच आहेत आणि दोन्ही सुरक्षित म्हणून विकले जातात. पण एकाची सुरक्षितता दुसऱ्यात नाही.

गिल्ट फंडाला किमान ८० टक्के पैसा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, असा सेबीचा, म्हणजे म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. सरकार रुपयांतलं स्वतःचं कर्ज बुडवत नाही, म्हणून इथे बुडण्याची भीती जवळजवळ नाही. मग किंमत का उतरते? हे मी त्याला आपल्या मक्त्यावरून समजावलं.

समजा तुम्ही वावर दहा वर्षांसाठी मक्त्याने दिलं. एकरी वर्षाला १५ हजार, कागद पक्का. मक्तेदार प्रामाणिक आहे, दर पाडव्याला पैसे मोजून आणून देतो. पुढच्या वर्षी शिवारातला मक्ता १८ हजारांवर गेला. तुमचा एक रुपयाही बुडाला नाही. पण हाच कागद आज दुसऱ्याच्या नावावर करून रोख पैसे उचलायचे ठरवलं, तर घेणारा म्हणेल, "नव्या कागदावर मला अठरा भेटते, तुमचा पंधराचा मी पुऱ्या भावात कायले घेऊ?" तो भाव पाडूनच घेईल, आणि कागदाची जितकी वर्षं बाकी तितका जास्त पाडेल. मक्ता उतरून १२ हजारांवर आला तर याच कागदाला वरचढ भाव येईल. आता ज्याने वावर फक्त एका हंगामासाठी दिलं आहे त्याचं बघा. त्याला या चढउताराचं फारसं सोयरसुतक नाही. तीन महिन्यांनी कागद संपतो आणि नवा कागद नव्या भावाने होतो.

दहा वर्षांचा कागद म्हणजे गिल्ट फंड आणि हंगामाचा कागद म्हणजे लिक्विड फंड.

आकड्यांत सांगतो. शंभर रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षं बाकी असलेला रोखा घ्या. बाजारातला दर ७ वरून ८ टक्के झाला तर त्याची किंमत ९३ रुपये २९ पैशांवर येते. दर ६ टक्क्यांवर उतरला तर तीच किंमत १०७ रुपये ३६ पैसे होते. याउलट सरकारची ९१ दिवसांची हुंडी, जिला ट्रेझरी बिल म्हणतात, ती शंभराची ७ टक्के दराने ९८ रुपये २८ पैशांना मिळते आणि ८ टक्के दराने ९८ रुपये ४ पैशांना. फरक २४ पैशांचा. देणारं सरकार एकच आणि दरातला बदलही एकच, पण एकीकडे पावणेसात रुपये उतरले, दुसरीकडे पाव रुपयाही नाही. फंडाच्या मासिक पत्रकात 'मॉडिफाइड ड्युरेशन' नावाचा आकडा असतो, तो हेच सांगतो. तो ७ असेल तर दर एक टक्का वाढल्यावर फंड साधारण सात टक्के उतरणार.

२०२२ मध्ये नेमकं तेच झालं. जानेवारीत दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर साडेसहा टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ४.४० टक्के केला, जूनमध्ये ४.९० केला. जूनच्या मध्यापर्यंत त्या रोख्यावरचं व्याज साडेसात टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. सरकारने कोणाचा पैसा बुडवला नव्हता. भावाच्या हातात दहा वर्षांचा कागद होता आणि तो त्याला पाचव्या महिन्यात मोडावा लागला, एवढंच.

आता लिक्विड फंड. यात ९१ दिवसांपर्यंतचेच कागद घेता येतात. सरकारी हुंड्या असतात, बँकांची ठेवपत्रं असतात आणि कंपन्यांचे अल्पमुदतीचे कागदही असतात. म्हणून त्याची किंमत रोज थोडी थोडी वर सरकते आणि माणूस निर्धास्त होतो. सात दिवसांच्या आत काढले तर अगदी किरकोळ शुल्क लागतं, सातव्या दिवसापासून काही नाही. सकाळी अर्ज केला तर एरवी दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात. बऱ्याच फंडांत ५० हजारांपर्यंत किंवा शिलकीच्या ९० टक्क्यांपर्यंत, यातली कमी असेल ती रक्कम, तिथल्या तिथेही मिळते.

पण इथे बुडण्याची भीती शून्य नाही, आणि ही गोष्ट विदर्भातल्या माणसाला दूरच्या गावचं उदाहरण न देता सांगता येते. फेब्रुवारी २०१७ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजच्या, म्हणजे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीचं नाव लावणाऱ्या कंपनीच्या अल्पमुदतीच्या कागदांचं मानांकन, म्हणजे पैसे परत मिळण्याच्या भरवशाचा शेरा, एकदम खाली आलं. ते कागद टॉरस म्युच्युअल फंडाच्या रोखे योजनांत होते. त्यांच्या लिक्विड फंडाची किंमत एका झटक्यात सुमारे ७ टक्के उतरली. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने दर वाढवावा लागला नाही. पैसे घेणाऱ्याची पत गेली की कागद ९१ दिवसांचा असला तरी उपयोग नसतो. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, आयएल अँड एफएस या रस्ते-पुलांसारख्या कामांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीने पैसे थकवले तेव्हाही काही लिक्विड फंडांना फटका बसला. त्यानंतर नियम कडक झाले. लिक्विड फंडाला आता किमान २० टक्के रक्कम रोख आणि सरकारी कागदांसारख्या लगेच मोकळ्या होणाऱ्या ठिकाणी ठेवावी लागते. तरीही लिक्विड फंड निवडताना त्याने कोणाकोणाला पैसे दिले आहेत ती यादी मी वाचतोच. ज्या फंडाचं व्याज शेजारच्या लिक्विड फंडांपेक्षा डोळ्यांत भरण्याइतकं जास्त दिसतं, तो मी सोडून देतो. जास्तीचं व्याज कमकुवत पतीच्या माणसाकडूनच येतं, हे सावकारी पाहिलेल्या गावाला वेगळं सांगायला नको.

म्हणजे 'सुरक्षित आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचे प्रश्न दोन: पैसा बुडू शकतो का, आणि मला हवा त्या दिवशी भाव उतरलेला असू शकतो का? गिल्टचं पहिलं उत्तर 'जवळजवळ नाही' आणि दुसरं 'हो, चांगलाच'. लिक्विडचं पहिलं 'क्वचित, थोडा' आणि दुसरं 'जवळजवळ नाही'.

डिसेंबर २०२१ पासून ही दोन्ही उत्तरं छापणं सेबीने बंधनकारक केलं आहे, आणि त्याकडे कोणी बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक रोखे फंडाच्या पत्रकात तीन बाय तीनचं, नऊ घरांचं एक कोष्टक असतं. आडव्या बाजूला ए, बी, सी ही अक्षरं. ती बुडण्याच्या जोखमीची. ए म्हणजे कमी, सी म्हणजे जास्त. उभ्या बाजूला एक, दोन, तीन हे रोमन आकडे. ते व्याजदरामुळे होणाऱ्या चढउताराचे. गिल्ट फंड सहसा ए-तीन असतो, म्हणजे डावीकडचं सगळ्यात खालचं घर. लिक्विड फंड ए-एक किंवा बी-एक असतो, म्हणजे वरची रांग. भावाला जानेवारीत हे एक कोष्टक कोणी दाखवलं असतं तरी पुरे होतं.

घरच्या पैशांना हे कसं लावायचं? आपल्याकडे कापसाचा चुकारा डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो आणि जूनमध्ये पेरणीला पैसा लागतो. हे चार-सहा महिने लिक्विडचे, इथे गिल्टचं नावही काढू नये. मार्चअखेर पीककर्ज भरायचं असेल तर ते आधी भरा. वेळेत फेडल्यावर जी व्याजसवलत मिळते ती कुठल्याही फंडाच्या कमाईवर भारी पडते. पुढच्या वर्षी लग्न आहे, विहिरीचं काम काढायचं आहे, तर तोही पैसा गिल्टचा नाही. मुलगी पाचवीत आहे आणि बारावीनंतरच्या शिक्षणासाठी सोय करायची आहे, तर सात वर्षं हातात आहेत, तिथे गिल्ट शोभतो. एवढ्या काळात दर चढले तरी फंडातले जुने कागद संपून नवे, जास्त व्याजाचे येत राहतात आणि खड्डा भरून निघायला वेळ मिळतो. शेवटच्या दोन वर्षांत मात्र तो पैसा हळूहळू लिक्विडकडे वळवायला घ्यावा. दोघांच्या मधला एक मार्गही आहे, ठरलेल्या वर्षी संपणारे फंड. ते त्या वर्षापर्यंत धरले तर भावाची धास्ती बरीच कमी होते.

एका सापळ्याबद्दल मात्र ठासून सांगतो. मागच्या वर्षीच्या कमाईप्रमाणे लावलेली यादी बघून फंड निवडू नका. दर उतरले की गिल्ट फंड त्या यादीत वर येतात. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला, तेव्हा तसंच झालं. पण ती कमाई दर उतरताना झालेली असते, आणि उतरून झाल्यावर आलेल्याला ती मिळत नाही. तूर चढ्या भावाने विकली गेली म्हणून पुढच्या वर्षी सगळ्या शिवाराने तूर पेरावी, तसं ते होतं.

कराचं थोडक्यात. कापसाचं उत्पन्न करमुक्त आहे, पण तो पैसा फंडात घातल्यावर जी वाढ होते ती शेतीचं उत्पन्न धरली जात नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा फंडांची वाढ, कितीही वर्षं ठेवा, तुमच्या नेहमीच्या कराच्या टप्प्याप्रमाणे धरतात. यात लिक्विड आणि गिल्टमध्ये फरक नाही. आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा या दोन्ही फंडांना नाही. पतसंस्थेतल्या ठेवीलाही तो नसतो, हे आपल्या भागात अजून पुष्कळांना माहीत नाही.

त्या जूनमध्ये भावाने निम्मे युनिट मोडले, १ लाख ४४ हजार घेतले आणि पेरणी केली. उरलेले मोडायलाही तो निघाला होता. मी दोन दिवस त्याच्यामागे लागलो, तेव्हा कुठे थांबला. २०२५ च्या जूनमध्ये मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला त्याने ते काढले, तेव्हा ती निम्मी रक्कम १ लाख ८० हजारांच्या वर गेली होती. फंड तोच आणि सरकारी रोखेही तेच.

त्यानंतरचा चुकारा आला तेव्हा तो पुन्हा ओट्यावर आला. मोबाईल नवा होता. पत्रक मोठं करून त्याने नऊ घरांच्या त्या कोष्टकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दादा, हा वरच्या रांगेतला हाये न? मले जूनमधी लागते."


वरच्या रांगेतलाच होता.