‘ॲक्सेस आता किती दिवस?’ या प्रश्नामागचा इतिहास

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमवर, म्हणजे नोंदी साठवून हव्या तशा काढून देणाऱ्या साधनावर, ज्यांचे रोजचे काम चालते, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. यात आणखी काम वाढवायचे, की आताच दुसरीकडे हलायचे? उत्तर शोधताना बहुतेक जण नव्या प्रोग्रॅमची तुलना करत बसतात. मला मात्र वाटते, आधीचे डेटाबेस नेमके कशामुळे गेले ते आधी पाहावे.

सुरुवात डीबेसची. वेन रॅटलिफ हे प्रोग्रॅमर नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करत असताना फुटबॉलच्या पैजांचा हिशेब मांडण्यासाठी त्यांनी ‘व्हल्कन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे ॲश्टन-टेट कंपनीने तो ‘डीबेस टू’ म्हणून विकला. प्रोग्रॅम मुरलेला वाटावा म्हणून आकडा दोनपासून सुरू केला. डीबेस वन कधी नव्हताच. १९८० च्या दशकात पीसीवरचा डेटाबेस म्हणजे डीबेस, असे समीकरण होते. मग १९८८ मध्ये डीबेस फोर आला तो चुकांनी भरलेला, आणि दुरुस्त आवृत्ती यायला १९९० उजाडले. तोवर प्रोग्रॅमर क्लिपर आणि फॉक्सप्रो या डीबेससारख्याच प्रोग्रॅमकडे वळू लागले होते. १९९१ मध्ये बोरलँड या सॉफ्टवेअर कंपनीने ॲश्टन-टेट विकत घेतली, पण विंडोजवरचा डीबेस १९९४ मध्ये आला. फार उशीर झाला होता.

ती जागा ॲक्सेसने घेतली. नोव्हेंबर १९९२ मध्ये पहिली आवृत्ती आली, सुरुवातीची किंमत ९९ डॉलर. टेबल, क्वेरी (हव्या त्या नोंदी शोधून काढणारी विचारणा), फॉर्म, रिपोर्ट असे सगळे एकाच फाइलमध्ये. दोन टेबलांमध्ये माउसने रेघ ओढली की नाते जुळले. ज्याला कामाची खडान्‌खडा माहिती आहे पण प्रोग्रॅमिंग येत नाही, अशा माणसाला स्वतःचे साधन स्वतः बांधता आले. ॲक्सेसचे खरे बळ हेच, आणि इतकी वर्षे तो टिकला तोही यामुळेच, असे माझे ठाम मत आहे.

त्याच १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली. फॉक्सप्रोचे जलद शोधण्याचे ‘रशमोर’ तंत्र १९९४ च्या ॲक्सेस २.० मध्ये उतरले. फॉक्सप्रोही व्हिज्युअल फॉक्सप्रो होऊन पुढे चालला, पण २००४ ची नववी आवृत्ती शेवटची ठरली. दहावी येणार नाही, हे कंपनीने मार्च २००७ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्ट संपला. त्याच्यावर जीव लावणाऱ्यांना हे लागले, आणि ते स्वाभाविक होते. प्रोग्रॅम वेगवान होता, भाषा समृद्ध होती. तो वाईट होता म्हणून गेला नाही; मालकाने आपले लक्ष डॉटनेट या प्रोग्रॅम बांधण्याच्या व्यवस्थेकडे आणि एसक्यूएल सर्व्हर या आपल्या मोठ्या डेटाबेसकडे वळवले होते. ॲक्सेसवाल्यांची धास्ती तेव्हापासूनची आहे.

ॲक्सेसच्या मर्यादाही खऱ्या आहेत. त्याचे इंजिन, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, हा सर्वांची कामे एका जागी हाताळणारा सर्व्हर नाही. प्रत्येकाचा संगणक नेटवर्कवरची सामायिक फाइल स्वतः उघडतो, स्वतः लिहितो. लिहिता लिहिता जोडणी तुटली तर फाइल बिघडू शकते. एका वेळी २५५ जणांची सोय कागदावर आहे, पण त्याच्या बऱ्याच आधी काम रेंगाळू लागते. ‘ॲक्सेस २०००’ या आवृत्तीत युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची संकेतपद्धत आली, देवनागरीसकट इतर लिप्या नीट साठवता येऊ लागल्या आणि फाइलची मर्यादा एक जीबीवरून दोन जीबी झाली. ती अजून तेवढीच आहे.

म्हणून जाणकार मंडळी फाइलचे दोन भाग करतात: टेबले एकीकडे, फॉर्म आणि कोड दुसरीकडे. टेबले एसक्यूएल सर्व्हरवर नेऊन ओडीबीसी या डेटाबेस जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीने जोडली की दोन जीबीची आणि तुटक्या जोडणीची चिंता बरीचशी मिटते. वेळ आलीच तर सर्व्हरवरच्या टेबलांना दुसरा कुठलाही प्रोग्रॅम जोडता येतो. फॉर्म आणि व्हीबीए या ॲक्सेसमधल्या भाषेतला कोड मात्र उचलून नेता येत नाही, तो नव्यानेच लिहावा लागतो. वर्षानुवर्षांचे कामाचे नियम त्या कोडमध्येच असतात, आणि पुष्कळदा ते दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेले नसतात.

मायक्रोसॉफ्टने ॲक्सेसला वेबवर नेण्याचे प्रयत्नही केले. २०१० मध्ये शेअरपॉइंट या कंपनीच्याच वेबवरच्या सामायिक कामाच्या व्यवस्थेच्या आधाराने, मग २०१३ मध्ये नव्या वेब ॲपच्या रूपात. त्याच २०१३ च्या आवृत्तीत एसक्यूएल सर्व्हरशी थेट बोलणारे ‘एडीपी’ प्रोजेक्ट काढून टाकले. मार्च २०१७ मध्ये वेब ॲप बंद करण्याची घोषणा झाली आणि एप्रिल २०१८ मध्ये शेअरपॉइंट ऑनलाइनवरची ॲप थांबली. ज्यांनी कंपनीच्या शब्दावर नव्या वाटेवर पाऊल टाकले होते त्यांना फॉर्म पुन्हा बांधावे लागले. जुनी डेस्कटॉप फाइल वापरत राहिलेल्यांचे काम त्या दिवशीही चालू होते.

त्यानंतर डेस्कटॉपकडे थोडे लक्ष आले. मोठ्या पूर्णांकांचा नवा प्रकार, डेटाव्हर्स या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या डेटासाठ्याची जोडणी, फॉर्मवर एज ब्राउझर. ऑफिसच्या २०२४ च्या दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीतून पब्लिशर हा पत्रके मांडण्याचा प्रोग्रॅम वगळला गेला आणि त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतो. ॲक्सेस त्या आवृत्तीत आहे, आणि तिचा सपोर्ट ऑक्टोबर २०२९ पर्यंत.