कॉलेजच्या इक्विपमेंट रूममागची गोष्ट: फिल्म आणि व्हिडिओच्या सोयी उभ्या कशा राहिल्या

कॉलेजात फिल्म किंवा मीडिया शिकलेल्या कुणालाही इक्विपमेंट रूम माहीत असतेच. खिडकीवर फॉर्म भरायचा, आयडी दाखवायचा, कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, बॅटऱ्या मोजून ताब्यात घ्यायच्या आणि ठरलेल्या वेळेत परत आणून द्यायच्या, नाहीतर पुढच्या वेळी इश्यू होत नाही. आता प्रत्येकाच्या खिशात फोरके शूट करणारा फोन आलाय, त्यामुळे कॉलेजनं या सगळ्यावर पैसे कशाला घालायचे असं बरेच जण विचारतात. मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. ही सोय मुळात कशासाठी उभी राहिली ते बघितलं तर एक गोष्ट सारखी दिसते, त्या त्या काळात जे एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होतं त्याच्याभोवतीच कॉलेजची फॅसिलिटी बांधली गेली, आणि ते 'जे' दर पिढीला बदलत गेलं.

सुरुवात करावी लागते मॉस्कोपासून. 1919 साली तिथं सरकारी फिल्म स्कूल निघालं, आज व्हीजीआयके म्हणून ओळखतात ते. देशात यादवी युद्ध पेटलेलं आणि कच्ची फिल्म मिळायची मारामार. म्हणजे स्कूल आहे, विद्यार्थी आहेत, शिकवणारे आहेत आणि शूट करायला फिल्मच नाही. तिथं दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हच्या वर्कशॉपमध्ये विद्यार्थ्यांनी काय करावं, तर सीन शॉटमध्ये तोडून लोकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवायचे, जणू कॅमेरा चालू आहे असं धरून. आणि हाताशी असलेल्या जुन्या फिल्म कापून वेगळ्या क्रमानं जोडून बघायच्या, की अर्थ कसा बदलतो. पुढे नावाजलेले दिग्दर्शक पुडोव्हकिन याच वर्कशॉपमधून आले. त्या लोकांचा एडिटिंगवर एवढा भर होता त्यामागं ही टंचाईसुद्धा होती असं मला ठामपणे वाटतं, जे हातात होतं त्याचाच त्यांनी खोलात जाऊन अभ्यास केला.

अमेरिकेत 1929 साली युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियानं, ऑस्कर देणाऱ्या अकादमीबरोबर, सिनेमाचा कोर्स चालू केला, आणि डग्लस फेअरबँक्ससारखा स्टार तिथं शिकवायला आला. रोममध्ये 1935 ला चेंत्रो स्पेरिमेंताले आणि पॅरिसमध्ये 1943 ला इडेक ही फिल्म स्कूल निघाली. पण तेव्हाचं प्रोफेशनल काम सगळं 35 एमएमवर, म्हणजे 35 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर, आणि ती नायट्रेट फिल्म म्हणजे पेट घेतली तर विझवता येत नाही असा प्रकार, ठेवायला आणि दाखवायला वेगळी आगप्रतिबंधक खोली लागायची. साध्या कॉलेजला हे झेपणारं नव्हतंच, त्यामुळे बराच काळ प्रत्यक्ष फिल्म बनवायला शिकणं सरकारच्या किंवा इंडस्ट्रीच्या पाठबळावर चालणाऱ्या मोजक्या जागांपुरतंच राहिलं.

हे चित्र पालटलं ते 16 एमएममुळे, म्हणजे निम्म्याहून कमी रुंदीच्या फिल्ममुळे. कोडॅकनं 1923 साली ती आणली, खरंतर घरगुती शूटिंगसाठी, आणि पहिल्यापासून सेफ्टी बेसवर म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या अॅसिटेटवर. नंतर दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं ट्रेनिंग फिल्म आणि आघाडीवरचं शूटिंग यासाठी 16 एमएम एवढी वापरली की युद्ध संपल्यावर कॅमेरे आणि प्रोजेक्टर सरप्लसमध्ये निघाले, ती यंत्रं चालवणारी शिकलेली माणसंही सैन्यातून बाहेर पडली, आणि अमेरिकेत तर माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलायच्या जीआय बिल या कायद्यामुळे ते थेट कॉलेजात येऊन बसले. माझ्या मते कॉलेजच्या फिल्म डिपार्टमेंटचा खरा जन्म हा, 1929 च्या कोर्सपेक्षा याला जास्त महत्त्व द्यायला पाहिजे.

तेव्हाचा कॉलेजातला ठरलेला कॅमेरा म्हणजे बोलेक्स एच16. बॅटरी नाही काही नाही, बाजूची किल्ली फिरवून स्प्रिंग भरायची आणि एका किल्लीत साधारण 28 सेकंद शॉट चालायचा, नंतर परत किल्ली. आत 100 फुटांचं स्पूल, सेकंदाला 24 फ्रेमच्या स्पीडला पावणेतीन मिनिटं. आता विचार करा, एका सेमिस्टरला विद्यार्थ्याला अशी मोजकी स्पूलं मिळणार, डेव्हलप होऊन रश प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून एडिटिंगसाठी काढलेली प्रत, येईपर्यंत आपण काय शूट केलंय ते दिसणार नाही, तर माणूस रिहर्सल केल्याशिवाय बटण दाबेल का. स्टोरीबोर्ड, शॉट डिव्हिजन, लाइट मीटर, हे सगळं शिस्तीत शिकवलं जायचं कारण चूक महाग पडायची.

पूर्व युरोपात वेगळा मार्ग निघाला. प्रागचं फामू हे फिल्म स्कूल 1946 आणि पोलंडमधलं लॉजचं स्कूल 1948. वॉर्सा युद्धात बेचिराख झालं होतं, त्यामुळे पोलंडचं सिनेमाचं काम लॉजला एकवटलं होतं आणि स्कूलही तिथंच आलं. इंडस्ट्री सरकारच्या ताब्यात, स्कूलही सरकारचं, त्यामुळे विद्यार्थ्यांना चक्क 35 एमएमवर काम करायला मिळायचं. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट 1960 ला उभी राहिली ती बंद पडलेल्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर, म्हणजे शूटिंग फ्लोअर आधीच तयार होते आणि शाळा त्यात येऊन बसली. 1974 साली टीव्हीचं ट्रेनिंगही दिल्लीहून तिथं हलवलं.

कॅमेऱ्यापेक्षाही मोठी अडचण मात्र एडिटिंगची होती, आणि याबद्दल हल्ली फार कमी बोललं जातं. कॅमेरा विद्यार्थ्याकडं एक-दोन दिवस, एडिटिंग टेबल आठवडेच्या आठवडे. स्टीनबेकसारख्या टेबलावर एका प्लेटवर पिक्चर आणि दुसऱ्या प्लेटवर मॅग्नेटिक साउंड ट्रॅक, दोन्ही सिंकमध्ये पुढेमागे फिरवायचे, कट कुठं पाहिजे तिथं मेणाच्या पेन्सिलनं खूण करायची, स्प्लायसरवर कापून टेपनं जोडायचं आणि उरलेले तुकडे पिशवी लावलेल्या स्टँडवर हुकाला लटकवून ठेवायचे, प्रत्येकावर नंबर. एक चार फ्रेमचा तुकडा हरवला की तो शोधण्यात रात्र जायची. टेबलं दोन किंवा तीन आणि विद्यार्थी वर्गभर, त्यामुळे दारावर स्लॉटचा कागद लागला, रात्रीचे स्लॉट सिनियर्सना, आणि कॉलेजच्या बिल्डिंगी चोवीस तास उघड्या ठेवायची पद्धत पडली. आजही फिल्म डिपार्टमेंटला रात्री लाइट चालू दिसतो त्याची मुळं या टेबलात आहेत.

मग व्हिडिओ आला. सोनीचा पोर्टापॅक 1967 चा, ब्लॅक अँड व्हाइट, अर्धा इंची टेप, रेकॉर्डर खांद्याला आणि कॅमेरा हातात. चित्राची क्वालिटी फिल्मच्या जवळपासही नव्हती पण टेप लॅबला न पाठवता लगेच बघता यायची आणि पुसून परत वापरता यायची, म्हणजे कच्च्या मालाची भीती पहिल्यांदाच गेली. 1971 ला यू-मॅटिक कॅसेट आली आणि तीन कॅमेरे, एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायला स्विचर, काचेमागं कंट्रोल रूम असा टीव्ही स्टुडिओ फिल्म न शिकवणाऱ्या कॉलेजांतही उभा राहिला. यात एडिटिंग मात्र उलट जाचक झालं. दोन डेक, एकातून प्ले आणि दुसऱ्यात रेकॉर्ड, सुरुवातीपासून ओळीनं. मध्येच पाच सेकंदांचा शॉट घालायचा ठरला तर पुढचं सगळं परत रेकॉर्ड करा, नाहीतर टेपची कॉपी काढून त्यावर काम करा, आणि प्रत्येक कॉपीला चित्र आणखी मळकं होणार.

एडिटिंग टेबलाची मक्तेदारी खऱ्या अर्थानं मोडली ती 1995 नंतर. कॉम्प्युटरवर एडिटिंग करायची अॅव्हिड सिस्टिम 1989 पासून होती पण ती कॉलेजात आली तरी एखाद-दुसरीच, एसी खोलीत, परत तेच स्लॉट. 1995 साली डीव्ही हा डिजिटल टेपचा फॉरमॅट आणि सोनीचा व्हीएक्स1000 कॅमेरा आला, फायरवायरच्या वायरनं फुटेज थेट कॉम्प्युटरमध्ये घेता यायला लागलं, तासाला साधारण 13 जीबी, आणि 1999 ला फायनल कट प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर आल्यावर बऱ्याच कॉलेजांनी स्टीनबेक कोपऱ्यात सरकवून कॉम्प्युटर लॅब टाकल्या.

2008 च्या कॅनन फाइव्ह डी मार्क टूनं पुढचा धक्का दिला. फोटोचा कॅमेरा, मोठा सेन्सर, हवी तशी लेन्स लावा, बॅकग्राउंड ब्लर होऊन सिनेमासारखं दिसतंय म्हणून विद्यार्थी वेडे झाले. पण त्याचा ऑडिओ इतका कमजोर होता की साउंड वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायला लागायचा आणि सिंकसाठी क्लॅप, म्हणजे नाग्रा टेप रेकॉर्डर आणि 16 एमएमच्या दिवसांतलीच पद्धत परत आली. फोनच्या प्रश्नाचं उत्तर मला इथंच सापडतं. चित्र स्वस्त होत गेलं, साउंड तेवढा झाला नाही. एसीची घरघर, शेजारचा ट्रॅफिक, चार भिंतींवरून आपटून येणारा आवाज, हे एकदा डायलॉगमध्ये शिरलं की सॉफ्टवेअरनं पूर्ण निघत नाही. डबिंग आणि मिक्सिंगला आवाज न शिरणारी खोली लागते, आणि अशी खोली बांधायची म्हणजे भिंतीच्या आत दुसरी भिंत, वेगळी तरंगती फ्लोअरिंग, दोन दारांचं लॉक. हॉस्टेलमधल्या मुलानं हे कुठं उभं करायचं?

तसंच कलरचं. डाविंची रिझॉल्व हे सॉफ्टवेअर फुकट मिळायला लागल्यापासून ग्रेडिंग, म्हणजे शॉटचे रंग जुळवणं, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर होतं, आणि प्रत्येक लॅपटॉपचा स्क्रीन वेगळा, त्यामुळे घरी बघितलेला त्वचेचा रंग थिएटरच्या पडद्यावर हिरवट निघतो. कॅलिब्रेट केलेला मॉनिटर आणि अंधारी करडी खोली ही आता शेअर करायची वस्तू झालीये. एलईडीमुळे लाइटिंग मात्र सोपं झालं, कमी उष्णता, कमी लोड, घरच्या प्लगवर चालतं.

आणि स्टोरेज. डीव्हीच्या तासाला 13 जीबी, आज एडिटिंगसाठी वापरतात त्या फोरके प्रोरेस 422 एचक्यू फॉरमॅटमध्ये तेच फुटेज तासाला 300 जीबीच्या वर जातं. एका डिप्लोमा फिल्मचं रॉ मटेरियल विद्यार्थ्याच्या एका हार्ड डिस्कवर, दुसरी कॉपी नाही, आणि ती डिस्क एडिटच्या मधोमध बसली तर काम संपलं. 16 एमएमच्या काळात निगेटिव्ह लॅबमध्ये असायची आणि एडिटला रश प्रिंट वापरायची, त्यामुळे दोन प्रती आपोआप व्हायच्या. आता ते ठरवून करावं लागतं, म्हणून शूटवरून आल्या आल्या कार्ड दोन ठिकाणी कॉपी केल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही असा नियम आणि त्यासाठी कॉलेजचा स्वतःचा सर्व्हर, हे माझ्या यादीत नव्या कॅमेऱ्याच्या वर येतं. तो सर्व्हर डिपार्टमेंटनं मागितला तर अॅडमिनिस्ट्रेशननं त्याला आयटीचा खर्च न समजता फिल्मचाच खर्च समजावं.