सूडकथांमागचा मध्य बिहार : मजुरी, टोला आणि सेना

बिहारमधल्या जातीय हिंसेवरचं हिंदी कथानक बहुतेक वेळा एका घरापासून सुरू होतं. बापाला मारलं, पोरगं वाचलं, मोठं झालं, हातात बंदूक आली. पटकथेला हे सोयीचं. पण भोजपूर, जहानाबाद, गया, औरंगाबाद या पट्ट्यात ठिणगी पडायची ती बहुधा मजुरीवरून किंवा जमिनीवरून.

१९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली, पुढे कमाल जमीनधारणेचा कायदाही आला. तरी बरीचशी जमीन भूमिहार, राजपूत आणि काही भागांत कुर्मी मालकांकडेच राहिली. त्यांच्याकडे राबणारा बनिहार म्हणजे साधारण आपल्याकडचा सालगडी. उचल घेऊन बांधलेला, मजुरी धान्यात, वर कसायला काही कट्ठे जमीन. (वीस कट्ठ्यांचा एक बिघा. गावठी पिस्तुलाचा तो कट्टा, हा कट्ठा.)

भांडणाची चाल ठरलेली असे. मजूर संघटना किमान वेतन मागते किंवा गैरमजरुआ, म्हणजे सरकारी पडीक, जमिनीवर हक्क सांगते. ऐन कापणीत काम बंद पडतं. मग मालक नाकेबंदी करतात : काम नाही, शेतात गुरं सोडायची नाहीत, बांधावरून जायचं नाही. शौचालाही शेतातच जावं लागणाऱ्या टोल्यात, म्हणजे एका जातीच्या वेगळ्या वस्तीत, याचा अर्थ काय होतो, हे पडद्यावर क्वचितच दिसतं. नाकेबंदीनेही मजूर नमले नाहीत की बंदुका निघायच्या.

२७ मे १९७७ ला पाटणा जिल्ह्यातल्या बेलछीत ११ जणांना मारून जाळलं गेलं. त्यानंतर जातवार सेना, म्हणजे मालकांच्या खासगी सशस्त्र टोळ्या, उभ्या राहिल्या : कुर्मींची भूमी सेना, यादवांची लोरिक सेना, भूमिहारांची ब्रह्मर्षी सेना. १९९४ मध्ये भोजपूरच्या बेलाऊर गावात रणवीर सेना निघाली आणि ती सगळ्यांत घातक ठरली. पुढच्याच वर्षी तिच्यावर बंदी आली. सेना थांबली नाही. बथानी टोला, ११ जुलै १९९६ : २१ ठार. लक्ष्मणपूर बाथे, १ डिसेंबर १९९७ : ५८ ठार, त्यांत बायका-मुलंच जास्त. हल्लेखोर रात्री सोन नदी ओलांडून आले होते.

यात सूड नव्हताच असं नाही. १९९२ मध्ये गयेजवळच्या बारा गावात माओवादी कम्युनिस्ट सेंटर या सशस्त्र नक्षलवादी संघटनेने भूमिहारांना वेचून मारलं. १९९९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शंकरबिघा आणि नारायणपूरचे दलित मारले गेले, तर १८ मार्चला सेनारीत ३४ भूमिहार. पण हा हिशेब घराण्यांचा नव्हता, टोल्यांचा होता. मारेकरी हाती लागला नाही तर त्याच्या जातीचं कोणीही चालायचं. एकट्या नायकाच्या गोष्टीत नेमकं हेच बसत नाही.

न्यायालयातलं प्रकरण तर आणखी अवघड. खटला उभा राहतो फर्दबयानावर, म्हणजे पोलिसांनी घेतलेल्या पहिल्या जबानीवर. ती उशिरा नोंदली गेली की बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. रात्रीचा हल्ला असेल तर प्रश्न येतो, कोणत्या उजेडात ओळखलंत? लपून वाचलेल्याला विचारतात, लपलेल्या जागेवरून दिसलं कसं? म्हणजे ज्यामुळे जीव वाचला, त्यानेच साक्ष पडते. बाथे प्रकरणात २०१० मध्ये २६ जण दोषी ठरले, त्यांतल्या १६ जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. ९ ऑक्टोबर २०१३ ला पाटणा उच्च न्यायालयाने साक्षीदार विश्वासार्ह नाहीत म्हणून सगळ्यांना सोडलं. बथानी टोल्याचे २३ दोषी त्याआधीच, एप्रिल २०१२ मध्ये, सुटले होते.

सेनेचे राजकीय धागे तपासायला बाथेनंतर नेमलेला अमीर दास आयोग २००६ मध्ये गुंडाळण्यात आला. सेनाप्रमुख ब्रह्मेश्वर सिंह २००२ मध्ये पकडले गेले, २०११ मध्ये जामिनावर बाहेर आले. १ जून २०१२ ला सकाळी आरा शहरात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांची अंत्ययात्रा पाटण्यात पोचली तेव्हा वाटेत जाळपोळ चालू होती.