हलले नाहीत म्हणून उरलेले दगड

पेरूतल्या कुस्को शहरातून, स्पॅनिशांआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांच्या अवशेषांची एका दिवसाची फेरी निघते, तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी शहरातलं कोरिकांचा म्हणजे सूर्यमंदिर, मग बस चढणीला लागते आणि साकसायवामानचा गड, केन्को, पुका पुकारा, तांबोमाचाय अशी चार ठिकाणं होतात. कुस्कोच मुळात सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, साकसायवामान ३,७०० च्या आसपास. गाइड बोलत असतो तेव्हा निम्मा गट धाप टाकत असतो. त्या गडबडीत एक गोष्ट निसटते. समोर जे दिसतं ते ऊनपावसाने ढासळलेलं बांधकाम नाही. ते माणसांनी दगड दगड करून उतरवून नेलेलं आहे.

पंधराव्या शतकात पाचाकुती या इंका राजाने कुस्को नव्याने बांधायला घेतलं. साकसायवामानचं कामही त्याच्याच काळात सुरू झालं असं मानतात. पुढच्या राजांनी ते चालू ठेवलं. सोळाव्या शतकातला स्पॅनिश बखरकार सिएझा दे लेओन लिहितो की इथे २०,००० माणसं लावली होती. त्यातली ४,००० दगड फोडायला आणि ६,००० ते कातडी व घायपातीच्या दोरांनी ओढायला. ही माणसं पगारी नव्हती. प्रत्येक प्रांताने पाळीपाळीने श्रम द्यायचे, या ‘मिता’ पद्धतीने ती येत.

तीन टप्प्यांची ही नागमोडी भिंत जवळून पाहावी. चुना नाही, माती नाही. एका दगडाचा फुगीर कोपरा शेजारच्याच्या खोबणीत असा बसलाय की सांध्यात नख शिरत नाही. सर्वांत मोठा दगड शंभर टनांहून जड असावा. ‘हे परग्रहवासीयांचं काम’ ही थाप इथे हमखास ऐकायला मिळते. १९८० च्या दशकात जाँ-पिएर प्रोत्झेन या वास्तुशास्त्रज्ञाने इंकांच्या खाणींत जाऊन साध्या गोट्यांनी दगड घडवून पाहिले. गोटा आपटायचा, उसळला की झेलायचा, पुन्हा आपटायचा. कडेजवळ लहान गोटा घ्यायचा. इंका दगडांवरही कडेकडे बारीक होत जाणारे तसेच टवके दिसतात.

१५३६ मध्ये मान्को इंका या राजाने स्पॅनिशांविरुद्ध उठाव करून कुस्कोला वेढा घातला आणि हा गड घेतला. शहरात स्पॅनिश जेमतेम दोनशे, पण त्यांच्या बाजूने लढणारे स्थानिकही होते. गडावरच्या हल्ल्यात पेरू जिंकणाऱ्या फ्रान्सिस्को पिझारोचा भाऊ हुआन डोक्यात दगड बसून मेला. गड पडला तेव्हा एका इंका सरदाराने शरण जाण्याऐवजी बुरुजावरून उडी घेतली. पेरूत त्याला काउइदे म्हणतात. प्रेतांवर काँडोर गिधाडं उतरली. १५४० मध्ये कुस्कोला मिळालेल्या राजचिन्हात आठ काँडोर आहेत ते त्यामुळेच.

नंतर आली ती खरी पडझड. इंका राजकन्येचा आणि स्पॅनिश सरदाराचा मुलगा गार्सिलासो दे ला वेगा १५३९ मध्ये कुस्कोत जन्मला. पोरवयात तो मित्रांबरोबर या गडावर खेळायला जाई आणि भुयारांत उजेड पोचतो तेवढंच आत शिरायची त्यांची हिंमत होई. नव्या मालकांनी घरं बांधायला गडाचे घडवलेले दगड कसे नेले, हे त्याने लिहून ठेवलंय. आयता माल, तोही उतारावर. बुरुज गेले, आतल्या इमारती गेल्या. हलवता येत नव्हते ते प्रचंड दगड तेवढे राहिले, आणि आज आपण फोटो काढतो ते त्यांचेच. गेलेल्यांपैकी बरेच शहरातल्या मुख्य चौकात कॅथेड्रलच्या भिंतींत आहेत.

गाइडचं आवडतं वाक्य असं की कुस्को प्यूमा या मोठ्या रानमांजराच्या आकाराचं आहे, साकसायवामान त्याचं डोकं आणि नागमोडी भिंत म्हणजे दात. जुन्या बखरींत प्यूमाचा उल्लेख आहे खरा, पण त्यावरून शहराचा नकाशा मांडला जॉन रो या अभ्यासकाने, १९६० च्या दशकात. इंकांना शहर अक्षरशः तसं आखायचं होतं का, यावर वाद आहे. दात मात्र ऐकणाऱ्यांना पटकन दिसतात!

फेरीतली बाकीची तीन ठिकाणं छोटी. केन्को म्हणजे कोरलेला खडक, पुका पुकारा म्हणजे लाल गढी. तांबोमाचायला झऱ्याचं पाणी अजून दगडी पन्हाळींतून पडतं.

पाहण्याजोगी जागा म्हणून हे सगळं पुढे आलं ते विसाव्या शतकात. स्पॅनिश कुस्कोच्या स्थापनेला ४०० वर्षं होत असताना, १९३४ मध्ये, पेरूचे अभ्यासक लुइस वाल्कार्सेल यांनी साकसायवामानला उत्खनन केलं आणि गाडलेल्या बुरुजांचे पाये उघडे पडले. मुयुकमार्का या गोल बुरुजाचा पाया आज दिसतो तो तेव्हापासून. २१ मे १९५० च्या भूकंपाने शहरातला सांतो दोमिंगो मठ खिळखिळा झाला आणि त्याच्या पोटात दडलेल्या कोरिकांचाच्या भिंती बाहेर आल्या. त्या हलल्या नव्हत्या.

मधल्या काळात, १९४४ मध्ये, कुस्कोकरांनी स्पॅनिशांनी बंद पाडलेला इंति रायमी हा सूर्याचा सण पुन्हा सुरू केला. त्याच्या, इंकांच्या केचुआ भाषेतल्या, संहितेला आधार बराचसा गार्सिलासोच्याच वर्णनाचा. अयनदिन २१ जूनचा, सोहळा २४ जूनला, साकसायवामानच्या मैदानात. भिंतीसमोर तिकिटाच्या खुर्च्या लागतात. फुकट बघणारी कुस्कोची माणसं डबे-घोंगड्या घेऊन समोरच्या टेकडीवर जागा धरून बसतात.